फ्रीज कशाला धरायचा?

इन्व्हर्टर घ्यायचा म्हणजे दुकानात जावं, बोट दाखवावं आणि टेम्पोत घालून घरी आणावा, अशी प्रेरणाची साधी समजूत होती. पण तिचा नवरा सत्यम डिप्लोमा झालेला होता, आणि डिप्लोमा झालेला माणूस कशाकडेही नुसतं बोट दाखवत नाही. तो आधी लोड काढतो.

"लोड काढायचा म्हणजे," सत्यम जेवताना सगळ्यांना समजावून सांगू लागला, "लाईट गेल्यावर घरात काय काय चालू राहायला हवं ते ठरवायचं. त्याचे वॉट मांडायचे. मग इन्व्हर्टर केवढा, बॅटरी केवढी, हे आपोआप निघतं."

आपोआप निघाली ती निराळीच प्रकरणं. पण त्याआधी मुळातली गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे ती सगळेच विसरले.

लाईट गेल्यावर चालू राहायला हवी अशी वस्तू केदारींच्या घरात खरं तर एकच होती. फ्रीज. त्यातही खालचा भाग गेला तर गेला. कोथिंबीर सुकली म्हणून कुणी रडत नाही. वरचा बर्फाचा खण चालू राहायला हवा होता, कारण त्या खणात प्रेरणाचं दूध होतं. म्हणजे सृष्टीचं.

सृष्टी सहा महिन्यांची झाली होती. प्रेरणाची रजा संपत आली होती आणि येत्या सोमवारी तिला घोरावाडी स्टेशनच्या तिकीट खिडकीत पुन्हा जाऊन बसायचं होतं. पावडरीचं दूध देऊन पाहिलं होतं. सृष्टीनं ते तोंडात घेतलं, क्षणभर विचार केला आणि आईच्या खांद्यावर सगळं परत केलं. वर असं पाहिलं की जणू वेटरनं भलत्याच टेबलाची ऑर्डर आणून ठेवली आहे. तेव्हा प्रेरणानं पंप मागवला. पोरगी झोपली की जो काही चोरटा वेळ हाती लागेल त्यात ती थोडं थोडं दूध काढायची, झाकणाच्या बारक्या बाटल्यांत भरायची आणि वरच्या खणात ओळीनं मांडायची. एक बाटली भरायला किती जीव गोळा करावा लागतो आणि भरल्यावर किती श्रीमंत वाटतं, हे जिनं केलंय तिलाच ठाऊक.

आणि मग लाईट गेली. मावळात भर पावसाळ्यात लाईट जाते ती सासुरवाशिणीसारखी जाते. माहेरी गेली की परतायचं नाव काढत नाही. मळवलीच्या अलीकडे कुठेतरी तारेवर झाड पडलं, आणि लाईट आली तोवर वरच्या खणातल्या बर्फाचं पाणी होऊन ते स्वयंपाकघरभर पसरलं होतं. प्रेरणानं एकेक बाटली हुंगून पाहिली आणि एकेक मोरीत ओतली. सासूबाई कस्तुराबाई दारात उभ्या होत्या. त्या पुढे होऊन रिकाम्या बाटल्या घासायला बसल्या. त्या दिवशी प्रेरणानं सत्यमला सांगितलं, "इन्व्हर्टर. सोमवारच्या आत. नाहीतर मी राजीनामा देते."

सत्यमनं मान डोलावली. पण बापाला काय सांगायचं, हा प्रश्न उरला.

आता ह्या घरात दुधाविषयी बोलायची कुणाला लाज होती, असं समजू नका. सासरे रखमाजी, म्हणजे आबा, गेली कित्येक वर्षं डेअरीला दूध घालत होते. दोन म्हशींचं घर. सकाळी चहाबरोबर फॅट, दुपारी जेवणाबरोबर दुधाच्या दाटपणाची डिग्री, संध्याकाळी कुठली म्हैस आटली, कुठली पान्हा चोरते. पाहुण्यांसमोर, जावयासमोर, अगदी मुलगी बघायला गेलेल्या घरीसुद्धा आबा ह्याच विषयावर खुलायचे. पण सुनेचं दूध हा विषय निराळा. तो सासऱ्यासमोर निघू शकत नव्हता. कस्तुराबाईसुद्धा त्याला 'ते' म्हणायच्या. "ते आत ठेवलं का?" "ते काढून झालं का?" पंप आला तेव्हा कुरियरवाल्यानं अंगणातून "पंप आलाय" अशी हाळी दिली होती, आणि आबांनी गोठ्यातून विचारलं होतं, "किती हॉर्सपॉवरचा?" सत्यमनं तेव्हा "परत करायचाय, चुकून आलाय" म्हणून वेळ मारून नेली होती.

त्यात आबांची जुनी रीत अशी की सुनेशी थेट बोलायचं नाही. मध्ये कुणीतरी लागायचं. पूर्वी कस्तुराबाई असायच्या, आता सृष्टी होती. "सृष्टे, तुझ्या आईला सांग, चा टाक म्हणावं." सृष्टी पायाचा अंगठा चोखत असायची. चहा यायचा.

तेव्हा जेवताना सत्यम एवढंच म्हणाला, "आबा, लाईट फार जाते. गैरसोय होते. इन्व्हर्टर बसवू या."

"बसव की," आबा म्हणाले. "पर टीव्ही त्याच्यावर पायजे. शर्यतीच्या टायमाला बरुबर लाईट जाती."

आबा बैलगाड्यांच्या शर्यती टीव्हीवर लाइव्ह बघायचे. सत्यमनं टीव्ही धरला. मग आबांना गोठा आठवला. "म्हशीस्नी अंधारात पान्हा फुटत न्हाई." गोठ्याचा दिवा धरला. कस्तुराबाईंनी देवघरातली माळ सुचवली. ती मिणमिणते तेवढी, तिला काय लागतंय? पण देवाला वगळून टीव्ही धरला, असं कुणी म्हणायला नको. माळ धरली. मग चुलत्यांच्या घरून निरोप आला की तुम्ही इन्व्हर्टर घेताय असं ऐकलं, आम्हाला कुणी काही बोललं नाही. एवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजारच्या शकुबाईंचा आवाज आला. दोन्ही घरांची भिंत एकच होती आणि त्या भिंतीला कान होते ते शकुबाईंचे.

"सत्यम, माझा एक बल्ब घे रे बाबा त्याच्यावर. भिंत तर एकच हाय आपली."

"मावशी, तुमचा मीटर वेगळा आहे."

"मीटर येगळा असंल, पण तुझ्या बारशाला घुगऱ्या मीच वाटल्या."

ह्याला इलेक्ट्रिकल डिप्लोमात उत्तर नव्हतं. सत्यमला वाटलं होतं आपण वॉट मांडतोय. प्रत्यक्षात तो लग्नातला मानपान मांडत होता. कुणाची साडी राहिली, कुणाला टोपी मिळाली नाही, कुणाचं नाव पत्रिकेत खाली गेलं, तसं आता कुणाचा पंखा राहिला. आणि ह्या सगळ्या मानकऱ्यांत नवरीचं नाव कुणीच घेत नव्हतं.

पोरीला पाजून आलेली प्रेरणा दारातून म्हणाली, "अहो, आणि फ्रीज."

कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला.

"फ्रीज कशाला धरायचा?" आबा सृष्टीकडे बघून म्हणाले. "सृष्टे, फ्रीज काय पळून जातोय व्हय?"

सृष्टीला माहीत होतं. पण तिला अजून बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं पोरीला घेऊन लोणावळ्याला गेली. चिक्कीच्या दुकानांपासून थोडं आत इन्व्हर्टर-बॅटरीचं एक दुकान होतं आणि ते चालवणारा विक्की हा शकुबाईंचा भाचा निघाला. मावळात कुठलंही दुकान कुणाच्या ना कुणाच्या भाच्याचं निघतंच. प्रेरणाला हे आधी कळलं असतं तर तिनं पुण्याची लोकल धरली असती.

विक्कीनं सगळा मानपान ऐकून घेतला. "दिवे, टीव्ही, पंखे, माळ, काही प्रॉब्लेम नाही. फ्रीजचं मात्र अवघड असतं, दादा. तो चालताना फार खात नाही. पण सुरू होताना एकदम जोर मारतो. आमच्या आजोबांसारखा. बसले की निवांत, उठताना सगळं घर हलवतात. त्या एका झटक्यासाठी मोठा इन्व्हर्टर लागतो. मोठा आत्ता माझ्याकडं नाही, पुढच्या आठवड्यात येईल."

"सोमवारच्या आत हवाय," प्रेरणा म्हणाली.

"मग हा मधला घ्या. फ्रीज आणि दोन-तीन दिवे आरामात उचलेल. पण मग टीव्ही-बिव्ही विसरायचं. नाहीतर फ्रीज सोडा. खरं सांगू का, लोक फ्रीज धरतच नाहीत. दार उघडलं नाही तर बराच वेळ थंड राहतो. तुम्हाला कशाला पाहिजे फ्रीज?"

साधा, धंद्यातला प्रश्न. सत्यमनं खरं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्याच वेळी त्याच्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं घसा खाकरला. सत्यमनं वळून पाहिलं. त्याचे शाळेतले विज्ञानाचे सर. त्यांच्याच तासाला त्यानं कधीकाळी 'सस्तन प्राणी' ह्या धड्यावर हसून मार खाल्ला होता. सत्यमचे कान तापले.

"आईस्क्रीम," तो म्हणाला.

"काय?"

"हिला आईस्क्रीम लागतं. रोज. वितळून चालत नाही."

प्रेरणानं नवऱ्याकडे असं पाहिलं, की तिकीट खिडकीवर सुट्टे नसलेला माणूससुद्धा त्या नजरेनं सुट्टे शोधू लागला असता.

"वहिनी हौशी आहेत," विक्की म्हणाला आणि त्यानं मधल्याची पावती फाडली.

बाहेर पडल्यावर प्रेरणा म्हणाली, "सत्यम." घरात ती त्याला 'अहो' म्हणायची, नाव घेतलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. "लग्न करताना तू म्हणाला होतास, माझ्यासाठी काहीही बोलशील."

"बोललो की."

"आईस्क्रीम बोललास."

ती दोघं लोकलमध्ये बसेपर्यंत विक्कीचा फोन मावशीला गेला होता. विक्की वाईट नव्हता. तो फक्त एवढंच म्हणाला की मावशी, तुमच्या शेजारच्या वहिनींना रोज आईस्क्रीम लागतं, त्यासाठी इन्व्हर्टर घेतायत. पुढचं गणित शकुबाईंनी स्वतःच सोडवलं. रोज. गार. त्याच्याशिवाय चालत नाही. आणि पोर सहा महिन्यांचं. त्या पदर खोचून अंगणात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं बया! पहिली अजून रांगंना, अन् दुसऱ्याचे डोहाळे?"

"मावशी, तसं काही नाही."

"लाजू नगं. माझ्या थोरल्या दोघांत वरसाचंबी अंतर न्हाई. गाराचे डोहाळे लागले म्हंजी पोरगाच."

प्रेरणानं शपथा घेतल्या. पण बाईनं जितक्या शपथा घ्याव्यात तितकी बातमी पक्की होते. संध्याकाळपर्यंत वाडीतल्या बायका तिच्या चालण्याकडे बघू लागल्या. विहिरीवरून येणारी एक तर म्हणाली, "मला वाटलंच हुतं, चेहऱ्यावर तेज आलंय." ते तेज रागाचं होतं.

आणि अंधार पडायच्या सुमारास आबा भिजत, मोपेडच्या हँडलला पिशवी लावून घरी आले. पिशवीत आईस्क्रीमचे फॅमिली पॅक. एक आंबा, एक पिस्ता, आणि एक कसला तो त्यांनाही माहीत नव्हता, पण दुकानदार म्हणाला होता की पोरींना आवडतो. अंगावरचं प्लास्टिक झटकून ते ओसरीवर टेकले आणि सृष्टीला मांडीवर घेऊन म्हणाले, "सृष्टे, तुझ्या आईला सांग, जिवाला वाटंल ते खावं. विच्छा मारू नये."

प्रेरणाच्या मनात सत्यमसाठी जे वाक्य तयार होतं ते तिथंच विरलं. सासरा इतक्या पावसात तिच्या न लागलेल्या डोहाळ्यांसाठी कामशेतपर्यंत जाऊन आला होता. ह्या माणसावर रागवायचं तरी कसं? तिनं मुकाट्यानं आंब्याचं एक वाटीभर खाल्लं. चांगलं होतं.

पण उरलेलं ठेवायचं कुठे? आबा पॅक घेऊन फ्रीजकडे निघाले. कस्तुराबाई गोलकीपरसारख्या आडव्या झाल्या. "मी ठिवते. तुमी हात-पाय धुवा." आणि आबांची पाठ वळताच त्यांनी बाटल्या मागच्या कोपऱ्यात सरकवल्या, पुढे आईस्क्रीमची भिंत उभी केली आणि वर मटारची पिशवी ठेवली. "ते मागं हाय गं," त्या सुनेच्या कानात म्हणाल्या. "बिनघोर झोप."

रविवारी विक्की इन्व्हर्टर घेऊन आला. आबांच्या घरी नवी वस्तू भावकीशिवाय बसत नाही. ट्रॅक्टरला हार घातला होता, गोबर गॅसलाही घातला होता. सकाळपासून चुलते, चुलत्या, त्यांच्याकडे आलेले पाहुणे आणि शकुबाई असा सगळा गोतावळा ओसरीवर जमला. कस्तुराबाईंनी बॅटरीला हळदकुंकू वाहिलं. कुणीतरी नारळ फोडायला बॅटरीवरच हात उगारला तेव्हा विक्की किंचाळला, म्हणून नारळ उंबऱ्यावर फुटला. सत्यमनं विक्कीला बाजूला घेऊन बजावलं, "फ्रीज आणि तीन दिवे. बाकी काही जोडायचं नाही." विक्की हो म्हणाला. मग आबा विक्कीकडे गेले, चुलते गेले, सगळ्यात शेवटी मावशी गेली. विक्की प्रत्येकाला हो म्हणाला. तो धंद्यात नवा होता, आणि मुख्य म्हणजे भाचा होता.

दुपारी ढग इतके खाली आले की लोहगड दिसेना, आणि लाईट गेली.

ओसरीवर टाळ्या पडल्या. लाईट गेली म्हणून टाळ्या पडल्याची मावळातली ही बहुधा पहिलीच वेळ असावी. इन्व्हर्टर टक् करून बोलला, त्याचा हिरवा डोळा पेटला, टीव्हीवर शर्यतीचा घाट, म्हणजे बैलांची धावपट्टी, पुन्हा दिसू लागला, देवघरातली माळ मिणमिणू लागली आणि आबांनी सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू वीज त्यांच्याच म्हशीनं दिली आहे.

मग फ्रीजनं उठायला जोर मारला.

इन्व्हर्टर केकाटला. सगळं बंद. सत्यम धावला, बटण दाबलं, सगळं चालू. फ्रीजनं पुन्हा जोर मारला, पुन्हा केकाटणं, पुन्हा अंधार.

"लोड जास्त होतोय," सत्यम ओरडला. "काहीतरी बंद करा! टीव्ही बंद करा!"

"सेमीफायनल हाय," चुलते म्हणाले.

"मग माळ बंद करा."

"आज एकादशी," चुलती म्हणाली.

"गोठ्यातला दिवा?"

"बंद कर की फ्रीजच," कुणीतरी म्हणालं. "न्हाईतरी आईस्क्रीमच हाय त्यात. खाऊन टाकू."

ही सूचना एकमतानं मंजूर झाली. लोकशाहीचा हा एक दोष आहे. प्रेरणा तेव्हा आतल्या खोलीत सृष्टीला पाजत होती, कस्तुराबाई उंबऱ्यातला नारळ वेचत होत्या, सत्यम इन्व्हर्टरपुढे गुडघे टेकून बसला होता. फ्रीजचं दार उघडलं गेलं आणि उघडंच राहिलं. वाट्या फिरल्या. आंबा संपला, पिस्ता संपला, तिसरा कसला होता ते संपल्यावरही कुणाला कळलं नाही.

आईस्क्रीमनं सगळे गारठले. मग चहा हवाच.

आत प्रेरणाला अर्धवट ऐकू येत होतं. शकुबाईंचा आवाज, "दूध कुटं ठिवलंय? पातेल्यातलं संपलं." आणि आबांचा, फ्रीजच्या पोटातून आल्यासारखा, "थांब, हितं मागं बारक्या बाटल्या हायत. गोठलंय, पर चात इरघळंल."

प्रेरणा उठली ती सृष्टी कडेवर तशीच. स्वयंपाकघरात पोचली तेव्हा दोन बाटल्या गरम पाण्यात घालून पातळ झाल्या होत्या, शकुबाईंनी एकीचं झाकण काढलं होतं, आणि खाली आलं-वेलची घातलेला चहा उकळत होता.

"थांबा!"

तिचा आवाज इतका मोठा आला की ओसरीवरचं बोलणं तुटलं. माणसं दारात गोळा झाली. शकुबाईंचा हात पातेल्यावर थबकला.

आबांना वाटलं, बिचारी दुधाला जपते. त्यांच्याच घरची सून. ते समजुतीनं म्हणाले, "सृष्टे, तुझ्या आईला सांग, संध्याकाळी धार काढली की ताजं आणून देतो. एवढ्याशा दुधाचं काय?"

प्रेरणानं सगळ्यांकडे पाहिलं. भावकी, पाहुणे, विक्की, नवरा. एवढे दिवस जे कुणालाच बोलता आलं नव्हतं ते आता पातेल्यापासून बोटभर अंतरावर होतं.

"आबा, ते म्हशीचं नाही. माझं आहे. मी कामावर गेल्यावर सृष्टीला पाजायला साठवलंय."

चुलते छताची कौलं मोजायला लागले. विक्की पक्कड शोधू लागला. ती त्याच्या हातातच होती. सत्यमला इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूचं कंपनीचं लेबल एकाएकी फार वाचनीय वाटू लागलं. शकुबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता गॅस बंद केला.

आबांनी हात पुढे केला आणि शकुबाईंकडून बाटली घेतली. खिडकीच्या उजेडात धरली, थोडी कलती केली, जशी ते रोज डेअरीच्या काट्यावर धरायचे. आणि हाताच्या सवयीनं तोंडही चाललं.

"फॅट चांगलं हाय."

आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते कानापर्यंत लाल झाले. बाटलीला झाकण लावून त्यांनी ती कस्तुराबाईंकडे दिली, फ्रीजचं दार दोन्ही हातांनी लावलं आणि पाठ टेकून उभे राहिले.

"टीव्ही बंद."

"आबा, फायनलची बारी सुटायलीय!" ओसरीवरून कुणीतरी ओरडलं.

"सुटंल ती, बैलं काय माझ्यासाठी थांबल्यात? बंद कर. माळ काढ. देवाला निरांजन लाव. गोठ्यातला दिवा काढ."

"आबा, म्हशी," सत्यम म्हणाला.

"म्हशीस्नी मी सांगतो काय ते."

सगळं बंद झालं, फ्रीज पुन्हा लावला. सत्यमनं बटण दाबलं. फ्रीजनं जोर मारला, आणि इन्व्हर्टर तरीही केकाटला. आबांनी विक्कीकडे पाहिलं. भाचा मावशीकडे बघत होता.

"एक बल्ब हाय फकस्त," शकुबाई म्हणाल्या. "अन् त्या ट्रेकरांस्नी खोली दिलीय न्हवं मी. त्यांचे मोबाईल. अन् त्यांची पाणी तापवायची किटली."

भिंतीपलीकडे किटलीला अजून वाफ येत होती. विक्कीनं न सांगता ती वायर काढली. सत्यमनं पुन्हा बटण दाबलं. फ्रीज थरथरला, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि मग गुर्रर्र करत तो चालू झाला. चालूच राहिला. अंधाऱ्या घरात, अंधाऱ्या दुपारी, पंधरा-वीस माणसं एका फ्रीजचा आवाज ऐकत उभी होती. कीर्तनात मान डोलावतात तसं एक म्हातारं मान डोलावत होतं.

भावकी पांगल्यावर आबांनी लेकाला समोर बसवलं.

"दुकानात आईस्क्रीम सांगिटलं व्हय रं?"

"लाज वाटली, आबा."

"दुधाची?" आबा म्हणाले. "ह्या घरात?"

त्यांना खरंच लागलं होतं. जन्मभर दुधात काढलेल्या माणसाच्या घरात दूध नासत होतं आणि त्याला पत्ता नव्हता. डेअरीत त्यांचं तोंड राहिलं नसतं. गुडघ्यावर हात ठेवून, कुणाकडेही न बघता ते म्हणाले, "तेवढ्या पावसात मी कामशेतला गेलो."

पातळ झालेल्या दोन बाटल्या आता परत आत ठेवण्यात अर्थ नव्हता. कस्तुराबाई म्हणाल्या, उद्या करायचंच आहे तर आजच करून बघू. प्रेरणा दाराआड उभी राहिली, कारण आई दिसली तर पोरगी बाटली घेत नाही असं कुणीतरी सांगितलं होतं. सृष्टीनं बूच तोंडात धरलं, आजीकडे पाहिलं, क्षणभर विचार केला. तो क्षण प्रेरणाला फार मोठा वाटला. मग पोरगी प्यायला लागली. मन लावून, डोळे मिटून. दोन्ही बाटल्या संपवून वर ढेकर दिली. दाराआड प्रेरणा हसत होती आणि रडतही होती, कारण पोरगी तिच्याशिवाय पिऊ शकते हे तिला हवंही होतं आणि अजिबात नकोही होतं.

सोमवारी ती घोरावाडीच्या खिडकीत जाऊन बसली. पाऊस होता, प्रवासी तुरळक होते. दुपारी मोबाईल वाजला. आबांचा फोन. आबा सुनेला फोन करत नसत. सृष्टीला फोनवर मध्ये घालता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

"हॅलो, आबा?"

"लाईट गेलीया." आबा फोनवर बोलायचे ते अंतर लक्षात घेऊन बोलायचे; खिडकीबाहेरच्या म्हाताऱ्या बाईलाही ऐकू गेलं. "सकाळीच गेली."

"मग?"

"मग काय? फ्रीज चालू हाय. समदं घट्ट हाय. सकाळी तुझ्या सासूनं दिवसाचं काढून घेतलं, त्याच्यामागं मी दार उघडूनच दिलं न्हाई कुणाला. शकू आलती बर्फ मागाया, तिला वाटंला लावली. मी हितंच खुर्ची टाकून बसलोय."

"आणि सृष्टी?"

"पिऊन झोपलीया."

प्रेरणानं डोळे मिटले, उघडले. बाहेरची म्हातारी तिकिटासाठी थांबली होती, पण तिलाही आता ऐकायचं होतं.

"आबा, तुम्ही जेवलात का?"

पलीकडे खुर्ची कुरकुरली.

"कसा जेवणार?" आबा म्हणाले. "कालवण आत हाय."